नागभीडवर इंजिन बंद पडलं तर

६ मे २०२१. करोनाच्या दुसऱ्या लाटेत रुग्णांना एका शहरातून दुसऱ्या शहरात हलवणारी छोटी विमानं दिवसरात्र उडत होती. त्यांतलंच एक दोन इंजिनांचं बीचक्राफ्ट नागपूरच्या विमानतळावरून निघालं. आत पाच माणसं होती : दोन वैमानिक, एक रुग्ण आणि त्याच्या सोबतीची दोघं. विमान जमीन सोडत असताना त्याचं एक चाक निखळलं आणि गडगडत बाजूला गेलं. विमानतळाच्या पहाऱ्यावर असलेल्या सीआयएसएफच्या एका जवानाने ते पाहिलं आणि लगेच कळवलं. वैमानिकांना वर आकाशात निरोप मिळाला की तुमचं एक चाक खाली राहिलंय.

विमान मुंबईला न्यायचं ठरलं. मुंबईची धावपट्टी लांब, अग्निशमन दल मोठं, आणि तिथे पोहोचेपर्यंत टाकीतलं बरंचसं इंधनही जळून जाणार. मुंबईवर आल्यावर वैमानिकांनी जे केलं ते ऐकायला वेडेपणाचं वाटेल. जी चाकं शाबूत होती तीही त्यांनी पोटात ओढून घेतली. पण एका बाजूला चाक आणि दुसऱ्या बाजूला नुसता दांडा अशा स्थितीत विमान टेकलं असतं, तर दांड्याच्या बाजूने गर्रकन फिरून उलटण्याची भीती होती. पोटावर टेकलं तर ते निदान सरळ तरी घसरतं. धावपट्टीवर फेस पसरला होता, बंब उभे होते. रात्री नऊच्या सुमारास विमान पोटावर घसरत थांबलं आणि पाचही जण सुखरूप बाहेर आले.

विमान सुखरूप उतरवायला चाकं लागतात. आतली माणसं वाचवायला मात्र चाकं लागतातच असं नाही, पंखही लागतात असं नाही. लागते ती वेग कमी करत जाण्यापुरती मोकळी जागा. मुंबईत ती धावपट्टीच्या रूपाने तयार होती. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यावर, समजा नागभीडच्या डोक्यावर, एकाच इंजिनाच्या छोट्या विमानाचं इंजिन बंद पडलं, तर ती कुठे शोधायची?

हा प्रश्न हवेतला नाही. उत्तरेला गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून वर्षानुवर्षं शिकाऊ वैमानिकांची विमानं उडत आली आहेत. चंद्रपूरजवळ मोरव्याची धावपट्टी आहे. गडचिरोलीत हेलिकॉप्टरांची ये-जा तर आता पोरांनाही नवी नाही. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरच्या गावांना आकाशातल्या घरघरीची सवय झालेली आहे, आणि ती घरघर अचानक थांबणं ही अगदीच अशक्य गोष्ट नाही.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. इंजिन बंद पडलं म्हणजे विमान दगडासारखं खाली येतं, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. सेस्ना १५२ किंवा १७२ या जगभरच्या शिकाऊ वैमानिकांच्या आवडत्या विमानांचं इंजिन बंद पडलं तरी ती तरंगत राहतात. दर एक मीटर खाली येताना ती साधारण आठ-नऊ मीटर पुढे सरकतात. विमान जमिनीपासून ९०० मीटर उंचीवर असेल तर जवळजवळ आठ किलोमीटरचा पल्ला हाती असतो. तरंगण्याचा वेग ताशी ११०-१२० किलोमीटर धरला तर ही झाली चार मिनिटं.

या चार मिनिटांत काय आधी करायचं आणि काय नंतर, हे वैमानिकाच्या अंगवळणी पाडलेलं असतं : आधी उडव, मग वळव, मग बोल. म्हणजे पहिल्यांदा नाक किंचित खाली करून तरंगण्याचा योग्य वेग धरायचा. मग उतरण्याची जागा हेरून तिकडे वळायचं. मग इंजिन परत चालू होतं का ते पाहायचं आणि सगळ्यात शेवटी रेडिओवर संकटाची हाक द्यायची. इंजिन पुन्हा सुरू होण्याची शक्यता अनेकदा खरी असते. इंधनाची एक टाकी रिकामी झालेली असते आणि दुसरीकडे कळ फिरवायची राहून गेलेली असते. किंवा कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साचलेला असतो. ब्रह्मपुरीचं नाव उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांत येतं. त्या मुलखात बर्फाचं नाव काढलं तर लोक हसतील. पण पावसाळी दमट हवा कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून वेगाने जाते आणि इंधनाची वाफ होते तेव्हा तिथलं तापमान वीसेक अंशांनी उतरू शकतं. बाहेर पंचवीस अंश असताना आत बर्फ धरतो. त्यासाठी गरम हवेचा एक खटका दिलेला असतो. तो ओढला की इंजिन खोकतं, फडफडतं आणि कधी कधी पूर्वपदावर येतं.

नाहीच आलं, तर मग सगळा खेळ वेगाचा आणि अंतराचा.

या खेळाचा पहिला अभ्यासक स्वतःच विमानातून पडलेला होता. ह्यू डीहेवन हा अमेरिकन तरुण पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये शिकत असताना त्याच्या विमानाची दुसऱ्या विमानाशी हवेत टक्कर झाली. दुसरा वैमानिक गेला. डीहेवनच्या पोटातली इंद्रियं फाटली, तो महिनोन्‌महिने इस्पितळात होता. तिथे पडल्या पडल्या त्याने विचार केला : माझ्या बसण्याच्या जागेभोवतीची चौकट फारशी मोडली नाही म्हणून मी वाचलो, आणि पोटावरच्या पट्ट्याच्या धारदार बक्कलने मला आतून फाडलं. म्हणजे जगणं-मरणं निव्वळ दैवावर नाही, बांधणीवर आहे. त्या काळात हे कुणी ऐकून घेतलं नाही. विमान पडलं की माणूस मरायचाच, वाचला तर देवाची कृपा, असाच सगळ्यांचा समज. पुढे त्याने घरातच उंचावरून अंडी रबरी फोमवर टाकून पाहिली. फोमची जाडी पुरेशी असली की अंडं फुटत नसे. १९४२ मध्ये त्याने उंच इमारतींवरून पडूनही वाचलेल्या माणसांच्या नोंदी गोळा करून निबंध लिहिला. मोटारगाडीतल्या पट्ट्यापासून विमानातल्या आसनापर्यंत आज जे संरक्षण आपण गृहीत धरतो, त्याची सुरुवात तिथे आहे.

डीहेवनचं म्हणणं आकड्यांत मांडू. ताशी ८० किलोमीटर वेगाचं विमान जेमतेम तीन मीटरांत थांबलं, तर आतल्या माणसाला स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ नऊपट हिसका बसतो. ही नऊपट महत्त्वाची, कारण जुन्या छोट्या विमानांची आसनं आणि पट्टे समोरून बसणाऱ्या साधारण एवढ्याच हिसक्याला टिकतील अशा हिशेबाने बनवलेली आहेत. तेच विमान सागाच्या खोडावर आपटून तीस सेंटीमीटरांत थांबलं तर हिसका ऐंशीपटींच्या वर जातो. आणि वेग दुप्पट, ताशी १६० असेल, तर नऊपटीत राहण्यासाठी तीन नव्हे, अकरा मीटरांहून जास्त अंतर लागतं. वेग दुप्पट झाला की अंगात साठलेली ऊर्जा चौपट होते, हे शाळेत शिकलेलं गणित इथे जिवावर बेतणारं ठरतं.

माणसाचं शरीर नऊपटीपेक्षा पुष्कळ जास्त सोसतं, जर ते नीट बांधलेलं असेल तर. अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर जॉन स्टॅप १० डिसेंबर १९५४ रोजी रॉकेटच्या गाडीवर स्वतःला बांधून घेऊन बसले. गाडी एकदम थांबवली तेव्हा त्यांना ४६ पटींहून अधिक हिसका बसला. डोळ्यांत रक्त उतरलं, पण ते जगले, आणि पुढे कितीतरी वर्षं काम करत राहिले. म्हणून छोट्या विमानात बसणाऱ्याने कमरेच्या पट्ट्यावर समाधान मानू नये, खांद्यावरचाही पट्टा आवळून लावावा. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या माहितीपत्रकात तर म्हटलंय की खांद्याचा पट्टा नीट वापरला तर छोट्या विमानांतल्या गंभीर दुखापती ८८ टक्क्यांनी कमी होतील. या विमानांत डोक्यासमोर एक हातावर सुकाणूचं चाक आणि तबकड्या असतात, आणि पुष्कळ माणसं डोकं आपटूनच जातात.

आता नागभीडच्या आकाशात परत येऊ. ९०० मीटरवरून खाली काय दिसतं?

नागभीड हे रेल्वेचं जंक्शन. एका बाजूने गोंदियाहून चांदा फोर्टकडे जाणारा मार्ग, दुसऱ्या बाजूने नागपूरहून येणारी, पूर्वी अरुंद असलेली वाट. भोवती धानाच्या बांध्या, मधेमधे बोड्या आणि मालगुजारी तलाव, त्यापलीकडे घोडाझरीचा मोठा जलाशय, सातबहिणीचा डोंगर, आणि चहूकडे जंगल. वरून पाहणाऱ्याला रस्ता आणि रूळ आधी खुणावतात, कारण ते सरळ असतात. पण रुळांवर विजेच्या तारा आहेत आणि रस्त्याच्या कडेला खांब, झाडं, ट्रक. तारा हे छोट्या विमानाचं मरण आहे. त्या वरून दिसत नाहीत. दिसतात ते खांब. दोन खांब दिसले की मधे तार आहेच असं समजून चालायचं, हा वैमानिकांचा साधा नियम.

याची दुःखद साक्ष याच वैनगंगेवर आहे. २६ एप्रिल २०१७ रोजी बिरसीहून उडालेलं एक प्रशिक्षण विमान वैनगंगेच्या पात्रावर पडलं. पाण्याची मोजणी करण्यासाठी नदीवर आडवी ओढलेली दोरतार त्याच्या वाटेत आली. प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी दोघेही गेले. उन्हाळ्यात वैनगंगेचं रेताड पात्र वरून किती रुंद, किती मोकळं दिसतं ते या भागात राहणाऱ्यांना सांगायला नको. टरबूज-काकडीच्या वाड्या सोडल्या तर अडथळा म्हणून काही नाही असं वाटतं. पण नदीवरून आरपार गेलेल्या तारा त्या पांढऱ्या रेतीवर मुळीच उठून दिसत नाहीत. त्यानंतर एका महिन्याच्या आत, २५ मे २०१७ रोजी, निलंग्यात तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांचं हेलिकॉप्टर उड्डाण करताच तारांत अडकून वस्तीजवळ कोसळलं. तिथे सगळे वाचले. हेलिकॉप्टरचं गणित वेगळं, पण तारा त्याच.

मग उरतात बांध्या. माझ्या मते चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेकडे इंजिन बंद पडलेल्या वैमानिकाचा सगळ्यात मोठा मित्र म्हणजे धानाचा शेतकरी. पण बांधी कोणत्या महिन्यात भेटते त्यावर त्या मैत्रीची तऱ्हा ठरते. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणीचे दिवस, बांध्यांत घोटाभर चिखल. विमान टेकलं की पुढचं चाक चिखलात रुतणार आणि शेपूट डोक्यावरून पुढे येऊन विमान पालथं पडणार. तरी चिखल मऊ, वेग कमी, तेव्हा माणसं बहुधा वाचतात, पण पट्ट्याला उलटी लोंबकळत. अशा वेळी घाईने बक्कल काढलं तर माणूस सरळ डोक्यावर पडतो, मान मोडून घेतो. आधी एक हात छताला टेकायचा, मग पट्टा सोडायचा. ऑक्टोबरात धान पिवळं पडू लागतं तेव्हा वरून शेत गादीसारखं दिसतं, पण त्याखाली बांध्यांच्या कडांचे धुरे लपलेले असतात. फूट-दीड फूट उंचीचा एक धुरा चाकं उखडून टाकायला पुरेसा आहे. डिसेंबरात कापणी झाली, बांध्या सुकल्या की जमीन टणक आणि धुरे उघडे. तेव्हा एकाच मोठ्या बांधीत धुऱ्याला समांतर उतरायचं, धुरे ओलांडत नव्हे. आणि चाकं तुटलीच तर तुटू द्यायची. चाकं, पंख, पुढचा पंखा हे सगळं मोडताना वेग खात असतं, आणि त्यांनी खाल्लेला वेग आतल्या माणसापर्यंत पोहोचत नाही. विमानाचा मोह धरायचा नाही, हे वैमानिकाला शिकवावं लागतं. महागडं विमान वाचवायला जाऊन वळणात वेग घालवून बसलेले वैमानिक पुष्कळ झालेत.

वेग घालवून बसणं हे यातलं सगळ्यात वाईट. विमानाचा वेग एका मर्यादेखाली गेला की पंखांवरची हवा विस्कटते आणि मग ते खरंच दगडासारखं पडतं, नाक खाली करून. तेव्हा पुढे सरकायला अंतरच उरत नाही. सेस्ना १५२ सारखं विमान ताशी ७०-८० किलोमीटरवरही हवेत राहू शकतं, म्हणून शेवटच्या क्षणापर्यंत ते हातात ठेवून त्या मर्यादेच्या जरा वरच्या वेगाने टेकवायचं, आणि टेकवायचं वाऱ्याला सामोरं जाऊन. समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा असेल तर ताशी ८० चं विमान जमिनीच्या हिशेबाने ताशी ६० वर येतं. ऊर्जा जवळजवळ निम्मी होते. वारा कुठून आहे ते कळायला नागभीडमध्ये विमानतळावरची वाऱ्याची पिशवी लागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, त्याचा धूर वारा दाखवतो. तलावाच्या ज्या काठालगतचं पाणी निवांत, वारा त्या काठाकडून येतो.

बांधी हाताशी नसेल तर जंगलात उतरावं लागतं, आणि इथे वैमानिकाला झाडांची ओळख असेल तर ती इंजिनाच्या माहितीइतकीच उपयोगी पडते. वैमानिकांच्या पाठ्यपुस्तकांतला सल्ला असा की उंच, बारीक शेंड्यांची झाडं टाळावीत आणि बुटकी, दाट, रुंद फांदोऱ्याची झाडं निवडावीत. आपल्या भाषेत सांगायचं तर सागवान टाळा. साग सरळ वाढतो, त्याला खाली फांद्या नसतात, आणि उन्हाळ्यात तो निष्पर्ण होऊन नुसते खांब उरतात. त्याच्या शेंड्यावर अडकलेलं विमान सुटलं तर वीस मीटर खाली येईपर्यंत त्याचा वेग पुन्हा ताशी ७० होतो. आधी घालवलेला सगळा वेग परत मिळाला! त्यापेक्षा बांबूचं रान बरं, वाकतं, लवचिक असतं. नाक थोडं वर ठेवून, कमीत कमी वेगाने, विमान फांद्यांत बसवल्यासारखं सोडायचं आणि विमानाचं धड दोन खोडांच्या मधे जाईल असं पाहायचं. पंख खोडांवर तुटले तर तुटोत.

तलावात उतरण्याचं आकर्षण टाळलेलं बरं. ज्यांची चाकं आत ओढता येत नाहीत ती विमानं पाण्यात टेकताच बहुधा पालथी होतात, आणि मग आत पाणी शिरत असताना अंधारात दार चाचपावं लागतं. कोणत्याही आपत्कालीन उतरणीत टेकण्याआधीच दार किंचित उघडून फटीत बूट किंवा वही अडकवायची पद्धत याच कारणासाठी आहे. चौकट वाकली की बंद दार उघडत नाही. त्याच वेळी इंधनाचा खटका बंद, विजेचा मुख्य खटका बंद. आघातातून वाचलेल्यांचा दुसरा शत्रू आग आहे, आणि फुटलेल्या टाकीतलं पेट्रोल तापलेल्या इंजिनावर किंवा ठिणगीवर पडलं तर बाहेर पडायला मिनिटभरही मिळत नाही.

रात्री मात्र हे सगळं ज्ञान निम्मं होतं. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा तिचं केंद्र नागपूर होतं. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासकडची विमानं मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर येत, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी बदलून परत फिरत. १२ डिसेंबर १९५३ च्या पहाटेआधी मद्रासकडे निघालेलं डकोटा विमान उडाल्यावर लगेच इंजिन बिघडून नागपूरजवळ पडलं. चौदांपैकी तेरा जण गेले, वैमानिक तेवढा वाचला. दिवसा दिसलं असतं ते शेत, तो धुरा, ते झाड त्या अंधारात कसं दिसणार!

याउलट दिवसाउजेडीचं उदाहरण बारामतीकडचं. २५ जुलै २०२२ रोजी सकाळी उशिरा एकटीने उडणाऱ्या बावीस वर्षांच्या शिकाऊ वैमानिक तरुणीचं सेस्ना इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात कोसळलं. विमानाची दशा झाली. ती किरकोळ जखमांवर निभावली, आणि पहिल्यांदा तिच्यापर्यंत पोहोचले ते आसपासचे शेतकरी. मुंबईत १४ सप्टेंबर २०२३ रोजी मुसळधार पावसात उतरताना एक छोटं जेट धावपट्टीवरून घसरून मोडलं, आतले आठही जण वाचले. दोन्ही ठिकाणी विमान गेलं, माणसं राहिली.

पण वाचल्यानंतर काय? कडबनवाडीत शेतकरी धावले. घनदाट जंगलात कोण धावणार?

१ मे २०२३ रोजी कोलंबियातल्या ॲमेझॉनच्या जंगलावर एका सेस्ना २०६ चं इंजिन बंद पडलं. वैमानिकाने रेडिओवर सांगितलं, नदी शोधतोय. विमान झाडांतून नाकावर खाली आलं. समोर बसलेले तिन्ही मोठे गेले, त्यांत मुलांची आईही. मागे बसलेली हुइतोतो जमातीची चार भावंडं वाचली. थोरली तेरा वर्षांची, धाकटं अकरा महिन्यांचं. पुढचा भाग चेपत गेला आणि त्याने मागच्या आसनांसाठी वेग खाल्ला, हे पुन्हा डीहेवनचंच गणित. मुलांनी विमानातून कसाव्याचं पीठ घेतलं, मग जंगलातली फळं ओळखून खाल्ली, आणि चाळीसाव्या दिवशी, ९ जूनला, ती सापडली. त्यांना शोधणाऱ्यांत सैनिक होते आणि त्याच जंगलातले आदिवासी वाटाडेही होते.

माझ्या डोळ्यांपुढे इथे भामरागडची माडिया पोरं येतात. कोणत्या दिवसांत टेंभरं पिकतात, चारं कुठे मिळतात, करांदे उकळून कडवटपणा काढल्याशिवाय खायचे नाहीत, हे त्यांना बाळपणापासून ठाऊक असतं. नागपूर-मुंबईचा माणूस त्याच भरल्या रानात उपाशी राहील.

पेरूत १९७१ च्या नाताळच्या आदल्या दिवशी विजेने मोडलेल्या विमानातून, आसनाला बांधलेली, जवळजवळ तीन किलोमीटर खाली पडून वाचलेली सतरा वर्षांची युलियाने कोपके अकरा दिवस ओढ्याकाठाने चालत राहिली आणि लाकूडतोड्यांना सापडली. ती गोष्ट इतकी प्रसिद्ध झाली की जंगलात पडलं की पाण्याच्या धारेने चालत सुटावं असा समज झाला. तिने ते प्राणिशास्त्रज्ञ वडिलांच्या शिकवणीवर केलं, आणि ते तिला लाभलं. बहुतेकांनी मात्र विमानापाशीच थांबावं. पांढरं विमान वरून दिसतं, एकटा माणूस दिसत नाही. बहुतेक विमानांत धक्का बसताच आपोआप चालू होणारं यंत्र असतं. ते ४०६ मेगाहर्ट्‌झवर संदेश पाठवतं, उपग्रह तो ऐकतात, आणि भारतासाठी त्याची नोंद बंगळुरूला इस्रोच्या केंद्रात होते. तुम्ही चालत सुटलात तर शोधणारे रिकाम्या विमानापाशी पोहोचतील. शिवाय ब्रह्मपुरीच्या वनविभागात ताडोब्याबाहेर राहणारे कितीतरी वाघ आहेत, अस्वलं आहेत, आणि अंधारात एकट्याने फिरणं इथला गावकरीही टाळतो. शेतांभोवती रानडुकरांसाठी कुणी चोरून सोडलेली जिवंत वीजतार असते ती वेगळीच. उंच झाडांत अडकलेल्या विमानाने आग्या मोहोळ उठवलं असेल तर मात्र थांबायचं नाही, तिथून लांब निघायचं.

सुदैवाने नागभीडचा मुलूख ॲमेझॉन नाही. मोहाच्या दिवसांत, तेंदूच्या हंगामात पहाटेपासून जंगलात माणसं असतात. इथे काही पडलं तर लोक तासाभरात तिथे असतील. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी ते दिसलंच. आकाशात पेटत्या रेषा दिसल्या, विदर्भभर लोकांनी मोबाइलवर चित्रं काढली, आणि शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. नंतर आसपास धातूचे गोळेही सापडले. चिनी रॉकेटचा जळालेला भाग होता तो. लोकांनी घाबरून पळ काढला नाही, उलट त्याच्याभोवती गर्दी केली.

ही गर्दीच विमान पडल्यावर उपयोगी पडेल, आणि तिनेच घात होण्याचीही भीती आहे. म्हणून जंगलकाठच्या गावांनी दोन-चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पेट्रोलचा वास येत असेल तर बिडी, चूल, मोटारसायकल सगळं लांब. पुढचा पंखा थांबलेला असला तरी त्याला हात लावायचा नाही, तापलेलं इंजिन एखाद्या धक्क्याने पुन्हा फिरू शकतं. काही नव्या विमानांत हवाई छत्री उडवणारं छोटं रॉकेट असतं, त्याची लाल मूठ ओढायची नाही. आग नसेल तर जखमी माणसाला खेचून काढण्याची घाई नको, मान-पाठ मोडलेली असू शकते. त्याला सावली द्यावी, रक्त दाबून थांबवावं, बोलतं ठेवावं. आग लागलीच तर मात्र कसलाही विचार न करता ओढावं. विमानाचे तुकडे आठवण म्हणून घरी नेऊ नयेत. अपघात का झाला ते शोधणाऱ्या सरकारी तपासपथकाला ते जिथे पडले तिथेच हवे असतात, आणि पुढच्या विमानाचं आसन कसं बनवायचं ते त्यावरूनच ठरतं. ११२ ला फोन लावताना गावाचं नाव, जवळची बोडी किंवा तलाव, आत किती माणसं आहेत आणि शेपटीजवळ व्हीटीने सुरू होणारी पाच अक्षरं लिहिलेली असतात ती सांगावीत. त्या अक्षरांवरून विमान कुणाचं आणि कुठून उडालं ते लगेच कळतं.